कार्टची बॅटरी आणि सासूबाईंचा गुडघा

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

सुरतजवळच्या कामरेजची आमची सोसायटी मोठी. रिक्षा आत सोडत नाहीत आणि आमची इमारत अगदी मागे. म्हणून ज्येष्ठांसाठी गोल्फ कार्ट घ्यायचं ठरलं. मीटिंगमध्ये मी म्हटलं, लिथियम बॅटरी घ्या, तिच्यात पाणी भरत बसावं लागत नाही. सोसायटीचे प्रमुख हसले. "बेन, गाडी तो चालशे ने?" म्हणजे गाडी चालली की झालं!

स्वस्तातल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आल्या. वाचलेल्या पैशांत गेटवर कारंजंही आलं. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर कुणी भरायचं, हे मात्र ठरलंच नाही.

सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. आज त्यांना फिजिओथेरपीहून आणताना गाडी निम्म्या वाटेत बंद पडली. सीट उचलून पाहिलं, तर बॅटऱ्या कोरड्या ठणठणीत. भर उन्हात सासूबाई माझ्या खांद्यावर भार टाकून घरापर्यंत चालल्या. "कुणाला काही बोलू नकोस गं," एवढंच म्हणाल्या.

मी बोललेच. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. प्रमुखांचं उत्तर आलं, 'ज्येष्ठ दिवसभर चकरा मारतात, म्हणून बॅटरी बिघडली. आता गाडी फक्त पाहुण्यांसाठी.'

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आमच्या शेजाऱ्यांचाही अंगठा होता. त्यांची आई रोज याच गाडीनं देवळात जाते.

रागारागात मी प्रमुखांचं ते उत्तर घरात मोठ्यानं वाचलं. सासूबाई पाय चोळत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे बंद झाली का गं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ त्यांना?