उन्हाआधीचं सिमेंट

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दादाने आमच्या कुडाच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंट लावलं.

भिंत कारवीच्या काठ्यांची, वर माती, शेण आणि भाताच्या तुसाचा लेप. वैशाखात पत्रा तापला तरी तिला पाठ लावली की गार वाटायचं. थंडीत तिच्याकडे तोंड करून झोपलं की एक गोधडी पुरायची. पावसाळाभर ती ओल प्यायची. म्हणून पाऊस सरला की आई खालचा लेप विळ्याने खरवडून कारवी उघडी करायची, तिला ऊन द्यायची आणि मगच नवं लिंपण घालायची.

त्या वर्षी कारवी नुकतीच उघडी केली होती. दादा बोईसरच्या कारखान्यात होता आणि तिकडूनच त्याच्यासाठी बघितलेल्या मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते.

आई म्हणाली, “ऊन तरी खाऊ दे रं तिला. मंग लाव.”

“पावनं रविवारी येतील. त्यांना काय उघड्या काठ्या दावू?”

पाहुण्यांना आईनेच हसून सांगितलं की आमच्या भिंतीनेही आता इस्त्रीचा शर्ट घातलाय. लग्न जमलं. लग्नानंतर दादा बोईसरलाच खोली घेऊन राहू लागला.

ओल आतच राहिली, जोत्यातून आणखी चढत गेली. भिजलेलं तूस ऊब धरत नाही. आईची खाट त्याच भिंतीला होती. दमा तिला आधीपासून होता. आता त्या कुबट वासात ती आडवी होऊ शकत नसे. खाट हलवू म्हटलं तर म्हणायची, “नको. पोराला वाटंल, भिंतीला नावं ठेवते.”

दादा सणाला यायचा, भिंतीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, कशी कोरडी आहे.

दुसऱ्या थंडीत आई गेली. डॉक्टर दमा म्हणाले. दादाही सगळ्यांना तेच सांगतो. तेवढं सांगणं त्याला सोयीचं आहे.

तेराव्याला फोटो लावायला त्याने त्याच भिंतीत खिळा ठोकला. खिळा कुठेच अडला नाही. सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि आतून काळी कारवी गळून पडली. मी उचलली तर चिमटीत तिचा भुगा झाला.

“वाळवी असंल,” दादा म्हणाला. हात झटकून त्याने भोकावर कॅलेंडर चिकटवलं.

वाळवी ओलीकडेच येते, हे त्यालाही ठाऊक होतं. तेव्हापासून आम्ही दोघं फारसं बोलत नाही.

मी पालघरला शिकवायला जाते आणि संध्याकाळी त्याच घरी परतते. भिंत उभी आहे. आईचा फोटो कपाटावर टेकवून ठेवलाय.