एकोणीस नंबरचा रिपोर्ट

सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईंना सगळे डिक्शनरीबाई म्हणत. हे नाव वॉचमनने ठेवलं होतं. बाई वरवर नाक मुरडायच्या, पण ते त्यांना मनातून आवडायचं. बावीस वर्षं त्यांचं काम एकच. डॉक्टर तपासता तपासता रेकॉर्डरमध्ये बोलत आणि बाई कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. खरं तर सगळं टाइप करावंही लागत नसे. कॉम्प्युटरमध्ये एक तयार रिपोर्ट होता, सगळं काही ठीक असलेल्या बाईचा. तो उघडायचा आणि जिथे बिघाड असेल तेवढंच बदलायचं. 

पण डिक्शनरीबाईंची खरी नोकरी खिडकीपाशी चालायची. पाकीट हातात पडलं की बायका कोपऱ्यात जाऊन ते उघडायच्या, आतलं वाचून पांढऱ्याफटक व्हायच्या आणि परत खिडकीशी यायच्या. मग बाई चष्मा कपाळावर चढवून सांगायच्या. रिट्रोव्हर्टेड म्हणजे गर्भाशय पुढे झुकण्याऐवजी मागे झुकलंय, एखादं माणूस डावखुरं असतं तसं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ, पण ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. बल्की म्हणजे गर्भाशय आकाराने जरा मोठं, तुम्हाला कुणी जाड म्हटलेलं नाही. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: घाबरू नका, पण टाळूही नका, मी फक्त शब्द सांगते, पुढचं डॉक्टरांना विचारा. मुख्य डॉक्टरीणबाईंना हे सगळं माहीत होतं आणि त्या काणाडोळा करत.

तर अशा या बाईंची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि गेले पाच महिने त्यांना पुन्हा डाग दिसत होते.

पाळी गेल्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासून घ्यायचं, हे त्यांनी खिडकीतून किती जणींना बजावलं असेल त्याची गणती नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिल्या महिन्यात त्यांनी उष्णता म्हटलं, दुसऱ्या महिन्यात दगदग म्हटलं आणि तिसऱ्या महिन्यापासून काहीच म्हटलं नाही. कपडे वेगळे धुतले. नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही. रोज फोन करणाऱ्या मुलीला हवापाण्याच्या गोष्टी सांगितल्या. भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसं त्यांचं सगळं मन झालं होतं.

शेवटी एका गुरुवारी त्यांनी तपासणी करून घेतली. गुरुवार मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी बाहेरचे डॉक्टर यायचे आणि ते त्यांना ओळखत नव्हते. फॉर्मवर माहेरचं नाव लिहिलं. नंबर आला एकोणीस. तपासणीच्या खोलीतल्या सिस्टरना मात्र चुकवता येणं शक्य नव्हतं. या सिस्टर एरवी भारी बोलक्या, डॉक्टरांचीही टर उडवणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी चादर सारखी केली, बाईंच्या पायावर हात ठेवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी पडद्याकडे बघत रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणून सांगितलं. बाई साडी नीट करून आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि एक नंबरचा रिपोर्ट टाइप करायला घेतला.

दुपारी चारच्या सुमाराला एकोणीस नंबर त्यांच्या कानात आला. डॉक्टर भरभर बोलत होते. वय छप्पन्न. पाळी गेल्यावर रक्तस्राव. गर्भाशय ठीक. दोन्ही अंडाशयं ठीक. मग ते जरा थांबले आणि त्यांनी आतल्या अस्तराची जाडी सांगितली. बायोप्सी करून घ्यावी, असंही म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी तयार रिपोर्ट उघडला, वय बदललं, नंबर बदलला आणि वीस नंबर घेतला.

सेंटरमध्ये एक शिरस्ता होता. पाच वाजता सगळे रिपोर्ट ताडून बघायचे. डॉक्टर आकड्यांची चिठ्ठी हाताने लिहून ठेवत. सिस्टर ती मोठ्याने वाचत आणि बाई स्क्रीनवर बघून हो म्हणत. अठरापर्यंत सगळं बिनचूक जुळलं. एकोणीसला सिस्टरनी दार लोटून घेतलं.

"एंडोमेट्रियम, सोळा मिलीमीटर," त्यांनी वाचलं.

बाई म्हणाल्या, "चार."

शिरस्त्याप्रमाणे सिस्टरनी पुन्हा वाचलं. सोळा. बाईंनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिथे चारच होते, ठणठणीत बाईच्या रिपोर्टातले. बायोप्सीचं नावही नव्हतं. बावीस वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. हे मुद्दाम केलं की हाताने परस्पर केलं, ते त्यांना शपथेवरही सांगता आलं नसतं.

सिस्टर रागावल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

"मला अर्थ सांगा," त्या म्हणाल्या. "खिडकीत आलेल्या बाईला सांगता तसा."

बाईंनी सवयीने चष्मा कपाळावर चढवला. एंडोमेट्रियम म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर. दर महिन्याला पाळीत तेच बाहेर पडतं. पाळी गेल्यावर ते पातळ राहायला हवं, चार मिलीमीटर किंवा त्याहून कमी. जाड झालं आणि रक्त दिसलं, तर त्याचा छोटा तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. बहुतेक जणींचं साधंच काहीतरी निघतं. ज्यांचं वाईट निघतं, त्यांनाही वेळेवर आल्या तर बरं होता येतं. आवाज रोजचाच होता, न अडखळणारा.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण..."

हजारदा म्हटलेले पुढचे दोन शब्द काही केल्या बाहेर पडेनात. सिस्टरनी ते वाक्य पुरं करून दिलं नाही. मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, चार खोडून सोळा लिहिले, खाली बायोप्सीची ओळ टाकली आणि छापायला दिलं.

आणखी एक नियम होता. रिपोर्ट ज्याचा त्याने खिडकीत सही करून न्यायचा. बाई उठल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि बाकड्यावर बायकांच्या रांगेत बसल्या. शेजारच्या बाईने अंग चोरून त्यांना जागा करून दिली. आत सिस्टर त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी एकेक नाव पुकारलं. अठरा पाकिटं गेली.

मग त्यांनी एकोणिसावं नाव पुकारलं. तेहतीस वर्षांत त्या नावाने बाईंना कुणी हाक मारली नव्हती. त्या नावाची मुलगी कशी होती, हे त्यांना एकदम आठवलं. भित्री होती, जरा खरचटलं तरी रडत घरी यायची आणि लगेच आईला दाखवायची. गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच बाईंना भीती वाटली.

"आले," त्या म्हणाल्या आणि बाकड्याला धरून उठल्या.