भुरीची खाज

गेनभाऊ स्वतःच्या घरात भिंतीला धरून चालायचे. घर त्यांचं, घरात दुसरं माणूस नाही, तरी आतल्या खोलीत शिरले की पाठ भिंतीला लावून, पोट आत ओढून तिरपे तिरपे सरकत कोपऱ्यातल्या माठापर्यंत जायचे, तांब्या भरायचे आणि तसेच परत यायचे. मधली सगळी जमीन मोकळी पडलेली. पहिल्यांदा हे उंबऱ्याबाहेरून पाहिलं तेव्हा मला वाटलं, जन्म एस.टी.त गेला, गर्दीतून वाट काढायची सवय अंगात मुरली असणार.

ते रिटायर कंडक्टर होते. पारनेरच्या अलीकडच्या त्या गावात मी नवी नवी शिक्षिका होऊन आले ते बहात्तर साल. नगरच्या भरल्या घरातून आलेली मी, आणि समोर ती उघडी माळरानं. पाऊस आला नाही तो नाहीच. गेनभाऊंच्या शेजारचे दोन खण मला भाड्यानं मिळाले. आमच्या मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळे. अर्थात भांड्यांशिवाय तिथे आवाज करायला होतंच कोण? गेनभाऊंची बायको, म्हणजे चंद्राबाई, मी येण्याआधी शिमग्याच्या सुमारास गेल्या होत्या. पोटी मूल नव्हतं.

दिवेलागणीला मात्र भिंतीपलीकडून आवाज यायचा. "हं, कोन राहिलं का तिकिटाचं?" मग, "तू व्हय? ये. बस खिडकीपाशी." हे सगळं बोलणं मांजरीशी. भुरी तिचं नाव, रंगानंही भुरीच. पहिल्या आठवड्यात मला या बोलण्याचं हसू यायचं. पुढे पुढे त्या आवाजाची मी वाट बघायला लागले. दिवसभर शाळेत पोरींचा गलका, आणि संध्याकाळी खोलीत आलं की माझ्याशी बोलायला कुणीच नाही. एकदा मी रडवेली होऊन ओसरीवर बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. जाता जाता म्हणाले, "पुढं सरका, बाई, पुढं सरका. पुढं जागा आसती." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बदली, आजारपण, दुष्काळ, कशालाही ते चालायचं.

दसऱ्याच्या आसपास भुरी खाजवायला लागली. आधी कान, मग मान, मग शेपटीच्या बुडाशी स्वतःलाच दातांनी कुरतडायची. घास तोंडात असताना मध्येच थांबून मागच्या पायानं मान खरवडायची. गेनभाऊ बेचैन झाले. त्या वर्षी गावात काहीही झालं तरी दोष मिलोला, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीला जायचा. गेनभाऊंनीही तो दिला. कणगीच्या तळाशी उरलेली जुनी ज्वारी त्यांनी भुरीसाठी राखली आणि स्वतः मिलोची भाकरी चावत बसले. मांजरीला दुधात कुस्करून पांढरी भाकरी, आणि मालकाला लाल! खाज हलली नाही.

मग कडुलिंबाचा पाला उकळला. पाणी इतकं दुर्मिळ की टँकर आला की बायका भांडायच्या, पण गेनभाऊंनी आपल्या आंघोळीचं पाणी भुरीला दिलं आणि बदल्यात दोन्ही हातांवर ओरबाडे घेतले. मग करंजाचं तेल लावलं. ते तिनं चाटलं आणि ओकून ओकून अर्धमेली झाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीच भाकरी-पिठलं घेऊन गेले, तर म्हणाले, "तिची हाय वो ती. मला मांजरं कवाच आवडत न्हाईत." तिची म्हणजे चंद्राबाईंची.

मला सुचेल तो उपाय मी सांगत होते. एकदा म्हटलं, "भाऊ, घर एकदा स्वच्छ सारवून काढू. आतल्या खोलीची जमीन तर पार फुटलीय. मी सारवून देते." गेनभाऊंचा चेहराच बदलला. "त्या खोलीत पाय टाकायचा न्हाई," म्हणाले. इतकं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला राग आला. चार दिवस मीही तोंड फिरवून राहिले. पण भुरीच्या मानेवर लाल चट्टा उघडा पडलेला दिसला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी आम्ही तिला पारनेरला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. दुरडीत घालून, वर फडकं बांधून. गाडीचा कंडक्टर गेनभाऊंच्या हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "भाऊ, हे लगेज का पॅसेंजर?"

"पॅसेंजर," गेनभाऊ म्हणाले. "आजारी हाय. शीट लागंल."

सगळी गाडी हसली. कितीतरी दिवसांनी गेनभाऊही हसले.

डॉक्टरांना चारा-छावणीतल्या जनावरांतून मान वर करायला फुरसत नव्हती. तरी त्यांनी भुरीच्या केसांत फणी फिरवली. फणीत काळी पूड आली ती त्यांनी ओल्या कापसावर टाकली, तर कापूस तांबडा झाला. "पिसवा," ते म्हणाले. "हिचंच रक्त आहे हे. हिला कितीही औषधं लावा, उपयोग नाही. पिसवा जमिनीच्या फटींत वाढतात, ही झोपते तिथे. झोपते कुठे ही?"

"ओसरीवं. पोत्यावर," गेनभाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. भुरी रोज दुपारी आतल्या खोलीत, बरोबर मधोमध, अंग सैल सोडून झोपायची. त्या जमिनीवर पाय ठेवायची मुभा तिला एकटीलाच होती, आणि हे मला माहीत आहे हे गेनभाऊंनाही माहीत होतं. "मग पोतं जाळा आणि ओसरी सारवा," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या बैलाकडे वळले.

परतीच्या गाडीत दुरडी मांडीवर घेऊन ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाई, मी खोटं बोल्लो."

"माहितेय मला," मी म्हटलं.

"त्या शिमग्याला तिनं सकाळी आतली खोली सारवली. हात धुतले आन् म्हनली, पोटात दुखतंय. मी दुपारच्या गाडीनं नगरला दवाखान्यात नेलं. ती काय परत आली न्हाई. तिकडंच सगळं उरकलं." ते पुढे म्हणाले, "तिच्या धाव्याला गावातल्या बाया घर सारवाय आल्या. मी आतल्या खोलीला कुलूप लावलं आन् सांगितलं, किल्ली नगरात हारवली. किल्ली करदोट्याला हुती माझ्या."

"पण का, भाऊ?"

"फोटो न्हाई वो तिचा. कवा काढलाच न्हाई. तेवढा हात ऱ्हायलाय तिचा, भुईवर."

तेव्हा मला त्यांचं ते भिंतीकडेनं चालणं कळलं. सारवताना बोटांच्या कमानी उमटतात, एकीशेजारी एक, दारापर्यंत. चंद्राबाईंच्या बोटांच्या त्या कमानी त्यांनी इतके महिने पायाखाली येऊ दिल्या नव्हत्या. मी ती जमीन रोज बघत होते आणि मला फक्त फुटलेली माती दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी आपलं पांढरं धोतर उंबऱ्यावरून हळूच आत अंथरलं. थोड्या वेळानं त्यावर काळे ठिपके उड्या मारायला लागले. आम्ही दोघं बघत बसलो. "झालं," एवढंच ते म्हणाले.

झालं म्हणाले खरं, पण केलं काहीच नाही. आधी त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, म्हणजे भुरीही वाचेल आणि जमीनही. भुरी त्या दाराशी बसून ओरडायला लागली. चंद्राबाई त्याच खोलीत बसून ज्वारी पाखडायच्या, आणि ही त्यांच्या पायाशी पडलेली असायची म्हणे. दाराला नखं लावून लावून तिनं पंजे सोलवटून घेतले. मग खाणंही सोडलं. भिंतीपलीकडून तिचं ओरडणं यायचं आणि गेनभाऊंचा आवाज यायचा, "नको ना गं. नको ना." मला ते ऐकवेना. मी दप्तर घेऊन शाळेतच जास्त वेळ बसायला लागले. भित्रेपणाच होता तो.

एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. अंगात जुना खाकी कोट. "बाई, घमेलं द्या."

गावात शेण कुठून मिळणार? गुरं सगळी छावणीत. गेनभाऊ तिथवर चालत गेले आणि उन्हातून डोक्यावर शेणाचं घमेलं घेऊन आले. पाणी त्यांच्याच वाट्याचं. त्यात कडुलिंबाचा पाला वाटून घातला, माती घातली, शेणकाला तयार केला. मी पदर खोचून पुढे झाले तर म्हणाले, "न्हाई. तुमचा हात दुसरा."

"मग माठाजवळचा एवढा कोपरा तरी तसाच ठेवा," मी म्हटलं. मलाच रडू येत होतं.

"पिसवांना काय सांगू? एवढा थांबा सोडून उतरा म्हनून?"

मी उंबऱ्याशी उभी राहिले. ते पार आतल्या भिंतीशी जाऊन उकिडवे बसले. पुरुषमाणूस, आयुष्यात कधी सारवलं नसणार. घमेल्यात हात बुडवला आणि तसाच वर धरून थांबले. मग डाव्या हातानं जमिनीवरची धूळ हलकेच पुसली, एक कमान शोधली, तिच्या सुरुवातीला उजव्या हाताची बोटं टेकवली आणि तिच्याच वाटेनं ती फिरवली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. कुठे कमान पुसट झालेली असली तर खाली वाकून, डोळे बारीक करून ती सापडेपर्यंत थांबायचे. एवढीशी खोली, पण दारापर्यंत यायला त्यांना दुपार झाली.

ते बाहेर येतात न येतात तोच भुरी ओल्या जमिनीवरून तुरुतुरु चालत गेली आणि मधोमध जाऊन बसली. पावलांचे ठसे सगळीकडे. मी हाकलायला धावले. "असू द्या," गेनभाऊ म्हणाले, "बिगर तिकिटाची हाय ती." आणि उंबऱ्यावर बसून शेणानं भरलेल्या हातांनी पोरासारखे रडले.

सारवण दर आठवड्याला चालू राहिलं. भुरीची खाज थांबली, मानेवर केस आले. गेनभाऊ आता खोलीच्या मधून चालायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पुसलं तर पुसलं. पुन्यांदा काढतो की. हाताला वाट पाठ झालीया."

पुढच्या वर्षी माझी कोल्हारला बदली झाली. गाडी सुटताना गेनभाऊ खाली उभे होते. खिडकीच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "पुढं सरका." मी गेल्यावर दिवेलागणीला ते काय करत असतील, याचा मला तिकडे नव्या खोलीत फार विचार यायचा.

काही वर्षांनी ते गेल्याचं मला पारनेरच्या त्या गाडीवरच्या कंडक्टरनंच कळवलं. मी दहाव्याला पोचले. बायका घर सारवायला आल्या होत्या. या खेपेला आतल्या खोलीला कुलूप नव्हतं. भुरी दाराशी बसलेली, म्हातारी झालेली. मी म्हटलं, ही खोली मी सारवते. बायका हसल्या. बाईंना कुठे येतंय सारवायला? पण त्यांनी घमेलं माझ्याकडे सरकवलं.

मी आतल्या भिंतीशी जाऊन बसले. कमानी स्पष्ट होत्या, वाट चंद्राबाईंची, ठसा गेनभाऊंच्या बोटांचा. पहिल्या कमानीच्या सुरुवातीला मी बोटं टेकवली आणि त्या वाटेनं हात फिरवायला लागले. माझा हात लहान पडत होता.