मास्तरांचे योगायोग

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तरी आमच्या दातांच्या लॅबमध्ये सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण प्लास्टर ओलं असताना कुणी हसलं की ते चष्म्यावरून असे बघायचे की हसणं घशातच अडकायचं. बत्तीस वर्षं कवळ्या बनवत आलेला माणूस. लग्न नाही, मित्र नाहीत, डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचे. मी शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करायचे.

गाणं मीच लावलं होतं, माझ्या फोनवर. चार बायकांचा बँड, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. गाणारीचा आवाज घासलेला, पण काळजाला हात घालणारा. मास्तर आता ओरडणार म्हणून मी फोनकडे हात नेला, तर म्हणाले, "राहू दे." संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

त्या दिवसापासून माणूस खुळावला. हेडफोन आणले. सगळी गाणी पाठ केली. मेणाच्या सुरीने टेबलावर ताल धरायला लागले. एकदा तर नेहमीचा पांढरा सोडून चक्क निळा शर्ट घालून आले. आम्ही गालातल्या गालात हसलो, पण बरंही वाटलं.

मग एकदा चहा पिताना हळूच म्हणाले, "त्या गाण्यात तेरा पायऱ्या आहेत ना, आमच्या जुन्या घराला तेराच होत्या. आणि ती म्हणते सातव्या पायरीवर जागा ठेवलीय. सातवीवर माझी धाकटी बहीण बसायची."

"मास्तर, तेरा पायऱ्या काय, शंभर घरांना असतील."

"असतील. पण सातवी?"

त्यांना बहीण आहे हे मला तेव्हा कळलं. याच शहरात राहायची आणि अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. का, तर "आईच्या आजारपणात जरा बिनसलं." यापुढे अवाक्षर नाही.

त्यानंतर त्यांना जिथे तिथे खुणा दिसायला लागल्या. बहिणीच्या गल्लीतल्या डॉक्टरकडून दातांचे ठसे आले, आणि खोकं उघडताना तेच गाणं सुरू होतं. रस्त्यात कुणीतरी मागून "दादा" अशी हाक मारली, ती नेमकी त्यांच्याच बहिणीच्या आवाजात. शेवटी त्या बँडचा कार्यक्रम जाहीर झाला. हॉल बहिणीच्या गल्लीच्या टोकाला, आणि तारीख तिच्या वाढदिवसाची.

"आता याला काय म्हणशील?" मास्तरांचा चेहरा इतका उजळला होता की योगायोग हा शब्द मी गिळला. म्हटलं, "जाऊन या."

"दोन तिकिटं काढलीत. एक तिचं. तू फक्त दारापर्यंत चल गं. एकट्याने जमायचं नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दार बहिणीनेच उघडलं. केस पांढरे, हात ओले. "दादा," एवढंच म्हणाली.

मास्तर पायपुसण्यावर उभे राहून एका दमात सगळं बोलले. गाणं, पायऱ्या, ठसे, हॉल, तारीख. तिकीट पुढे धरलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही?"

"यांच्या लॅबमध्ये असते मी."

"म्हणजे कवळ्याच." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आईची कवळी सैल झाली होती. याला तीनदा फोन केला, येऊन तेवढी नीट करून जा. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तीनदाही तेच. आई अकरा महिने सगळं कुस्करून खात होती. कुणी भेटायला आलं की तोंडावर हात धरून बोलायची. दुसऱ्या कुणाकडून करू म्हटलं, तर नको म्हणाली. माझा मुलगा येईल ना, म्हणाली. तशीच गेली."

मास्तर म्हणाले, "तेव्हा कामाचा फार ताण होता गं."

"हेच तू तेव्हाही म्हणाला होतास." आता ती त्यांच्याकडे बघून बोलत होती. "मी तुला नाव घेऊन बोलावत होते, दादा. मी घरचं माणूस, सरळ शब्दांत. ते तुला ऐकू आलं नाही. आणि परक्या बायकांच्या गाण्यात मी बोलावलेलं ऐकू आलं?"

तिने तिकीट घेतलं नाही. दार आपटलंही नाही, सावकाश लावलं.

त्यांना तसं सोडून जाववेना, म्हणून त्या तिकिटावर मीच हॉलमध्ये गेले. ते गाणं सुरू करण्याआधी गाणारी हसत म्हणाली, "लोक विचारतात, तेराच का? अहो, बारा यमकात बसेना!" हॉलभर हशा उसळला. मास्तर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले.

पुढे कित्येक दिवसांनी, कवळी घासता घासता मशीन थांबवून, मी काही विचारलं नसताना मास्तरच म्हणाले, "पंधरा मिनिटांचं काम होतं. आतून एक पातळ थर द्यायचा, बस."

"मग गेला का नाहीत?"

"तोंड उघड म्हणावं लागलं असतं. आई किती वाळलीय ते जवळून बघावं लागलं असतं." आणि मशीन पुन्हा चालू केलं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. बहिणीचा फोन आला नाही. त्यांनीही केला नाही.