शिफारशीत पेटी नव्हती

"बघा, आता ह्याला आईवरनं शिवी देतो. मान वर करतो काय बघा."

खानापूरच्या लाकडाच्या वखारीत आमचे मालक पाहुण्यांना हे म्हणाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाहुणे व्यापारी, खुर्च्यांवर बसलेले. मी समोर उभा, पाय भुशात. अण्णांनी शिवी दिली. चांगली लांब. माझी आई तिथंच पंधरा पावलांवर ओंडक्यांच्या साली वेचत होती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. आणि हसलो.

पाहुणे खूश. एकानं मला केळं दिलं. मी ते खाल्लं. खोटं कशाला सांगू, गोड होतं.

अकरा वर्षं तिथं राबलो. अण्णांनी कधी नावानं हाक मारली नाही. 'ए बेळगुंदी', म्हणजे माझं गाव. अजूनही स्टँडवर कंडक्टर 'बेळगुंदी, बेळगुंदी' ओरडला की माझी मान खाली जाते. बायको म्हणते, "चढा की, तुम्हाला न्हाय, गिऱ्हाइकाला बोलवतोय त्यो." ती हसते. मीही हसतो. पण ते हसू कुठलं आहे, ते मला ठाऊक आहे.

पुढं वखार सोडली. बेळगावात शेड टाकलं. कारखान्यांचे सुटे भाग परदेशी जातात, त्यांच्यासाठी लाकडी पेट्या बनवतो. फळी मात्र अण्णांच्याच वखारीतनं यायची. मी, बायको आणि चार माणसं. एका कारखान्याच्या खरेदीच्या मॅडम म्हणाल्या, वर्षभराचं काम देता येईल, पण साहेब आधी ऑनलाइन बघतात. कामधंद्याच्या ओळखींची ती साइट असते ना, तिच्यावर खातं काढा, कुणाची तरी शिफारस लावा.

काढलं. फोटोसाठी लग्नातला कोट घातला. बटण लागेना, म्हणून पोटावर हात बांधून उभा राहिलो. हुद्दा लिहिला 'संस्थापक'. चार पत्र्यांच्या शेडचा संस्थापक! मग शिफारशीचा रकाना आला. इतक्या वर्षांत कितीतरी कारखान्यांना पेट्या दिल्या होत्या. त्यातलं एक नाव डोक्यात आलं नाही. आलं ते अण्णांचं. चांगला माणूस म्हणजे मालकानं चांगला म्हटलेला माणूस, हेच जन्मभर बघितलेलं. खानापूरला गेलो. ऑफिसच्या पायरीवर बसलो. तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी सांगितलं, त्यांच्या मुलानं अण्णांच्या खात्यावरनं इंग्रजीत लिहिलं. मी पेढे घेऊन घरी आलो. चार जणांना फोन दाखवला. साइटवर पुष्कळ लोकांनी पसंतीचे अंगठे दिले.

रविवारी दुपारी शेडमध्ये बायको म्हणाली, मराठीत सांगा की. मी एकेक ओळ लावत वाचलं. अकरा वर्षं आमच्याकडे होता. अतिशय नम्र. बोलणी खाल्ली तरी हसतो. मान वर करून कधी बोलला नाही. सांगाल ते करतो.

इंग्रजीत हे मला छान वाटलं होतं. मराठीत ते माझ्या तोंडातून निघालं आणि माझ्याच कानांनी ऐकलं.

बायकोनं हातोडा खाली ठेवला. "बाजारात बैल विकताना असंच बोलत्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "एवढं लिवलंय, त्यात पेटी कुठाय?"

शोधली. नव्हती.

तोंडात त्या केळ्याची चव आली. त्या दिवशी शिवी ऐकून आईचा हात सालींवर थांबला होता. संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी आलो. ती काही बोलली नाही, मीही नाही. आता ती नाही. ते बोलायचं राहिलं ते राहिलंच.

मी शिफारस काढून टाकली. तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "काय रं बेळगुंदी, आमची लाज वाटाय लागली व्हय? परत लाव. न्हायतर माझ्याकडनं फळी न्हाय."

आवाज ऐकताच मी खुर्चीतनं उठून उभा राहिलो होतो. पन्नाशीला आलेला संस्थापक.

"अण्णा," मी म्हणालो, "माझं नाव तुम्हाला ठाऊक हाय. त्या नावानं हाक मारा, मग फळीचं बोलू."

त्यांनी फोन ठेवला. मी अजून उभाच होतो. शौर्यबिर्य काही नव्हतं.

मग खात्यावर पेटीचा फोटो टाकला. आतनं, बाहेरनं. किती वजन पेलते ते लिहिलं, ठोकणाऱ्या चौघांची नावं त्यांना विचारून लिहिली. दोन जुन्या गिऱ्हाइकांना म्हटलं, माझ्याबद्दल नको, पेटीबद्दल लिहा. एकानं लिहिलं, माल सुखरूप पोचला. एवढंच.

वर्षाचं काम अजून मिळालेलं नाही. मॅडम सांगत होत्या, साहेबांना ती आधीची शिफारस आवडली होती. असा माणूस दरासाठी भांडत नाही, असं म्हणाले म्हणे. "परत लावता का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो.

फळी आता दुसरीकडनं आणतो, महाग पडते. पण कुणी माझ्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्या पेटीत माल भरून पाठवायचा. दर मी सांगणार. अण्णांच्या त्या ओळींवर मिळणारं काम मी करणार नाही, शेड बंद पडलं तरी. हे लिहून ठेवतोय, कारण माझा माझ्यावर अजून पुरता भरवसा नाही.