भांडायला सलीमभाऊ हवे होते

माजरीहून प्रमोदचा फोन आला तेव्हा मी सलीमभाऊंनाच उत्तर लिहीत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर धुमालचा व्हिडिओ टाकला होता. गाडीवर रचलेले भोंगे, ढोल, ताशे, कीबोर्ड, पुढे नाचणारी पोरं, आणि खाली ओळ : "बाईसाठी खास. कानात घालाले कापूस पाहिजे असन तर कळवा, दुकानात लय आहे." गाद्या भरणाऱ्या माणसाचा विनोद. माझं उत्तरही चांगलं झणझणीत जमत आलं होतं... प्रमोद म्हणाला, "बाई, सलीमभाऊ गेले. पहाटे. हार्टचं झालं." मी त्याच्यावरच खेकसले, "काही पन बोलून राह्यला का रे?" तो रडायला लागला, तेव्हा कुठे मला खरं वाटलं.

आमच्या ग्रुपचं नाव 'मांडवाबाहेरचे'. आमंत्रण नसताना केवळ बँड ऐकायला लग्नाच्या मांडवाबाहेर उभी राहणारी आम्ही दहा-बारा माणसं. शुभ सकाळचे फोटो बंद, राजकारण बंद. कुठे कोणता बँड वाजला आणि कुणाचा वाढदिवस आला, एवढंच बोलायचं. याचं मूळ मी आणि सलीमभाऊ. नागभीडला एका कार्यालयासमोर लाल कोटवाल्या बँडचा म्हातारा क्लॅरिनेट वाजवत होता आणि शाळेतून घरी निघालेली मी भाजीची पिशवी हातात घेऊन थिजले होते. बाजूचा एक अनोळखी माणूस जांभई देत म्हणाला, "झोप येऊन राह्यली, बाई. धुमाल असता तं मजा होती." माझं टाळकंच सरकलं. "तुमाले कोनं बोलावलं इथी?" "तुमाले कोनं बोलावलं?" मग दोघंही हसलो. त्या दिवशी सुरू झालेलं भांडण पुढे वीस वर्षं चाललं. माझा क्लॅरिनेट, त्यांचा धुमाल. वयानं ते मोठे, म्हणजे खरं तर जुनं त्यांनी धरायला हवं होतं, पण नाही. "क्लॅरिनेट कानानं आयकाव लागते," ते म्हणायचे, "धुमाल पायातून वर चढते." मी म्हणायची, गाढवाला गुळाची चव काय. त्यावर ते शांतपणे, "चव घ्याले गूळ तं द्या, बाई. तुमी नुसता वास देऊन राह्यल्या."

वाढदिवसाचा आमचा एक नियम होता. ज्याचा वाढदिवस, त्याच्या आवडीचं वाजणार, आणि विरुद्ध पक्षानं ते शेवटपर्यंत गप्प बसून ऐकायचं. मग मात्र केक कापण्याआधी मनसोक्त नावं ठेवायची. माझ्या वाढदिवसाला सलीमभाऊ येतानाच सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून आणायचे, क्लॅरिनेट सुरू झाला की तोबरा भरायचे. "तोंड रिकामं असलं का नियम मोडते," असं त्यांचं म्हणणं. मुलचेऱ्याची शेफाली, आमच्यातली सगळ्यात लहान मास्तरीण, त्यांचे फुगलेले गाल बघूनच हसत सुटायची. संपलं की ते बाहेर जाऊन थुंकून यायचे, चूळ भरायचे, बाही वर सारायचे आणि मग अर्धा तास माझ्या आवडीच्या चिंध्या करायचे. इतकं लक्ष देऊन माझं संगीत घरच्यांनीही कधी ऐकलं नाही.

त्यांच्या मुलीच्या लग्नात धुमाल असणार, यावर आम्ही पैजा लावल्या होत्या. जाऊन पाहतो तर दारात लाल कोटवाला बँड, आणि पुढे क्लॅरिनेट! मी विचारलं, "हे काय, भाऊ?" म्हणाले, "धुमालवाला भेटलाच नाई. मजबुरी." त्यांच्या पत्नी शमीमभाभी तिथेच सरबत देत होत्या. त्या पटकन बोलल्या, "कायले खोटं बोलता? धुमालवाला तं आपल्याच गल्लीत राह्यते." सलीमभाऊंनी घाईघाईनं पाहुण्यांकडे मोर्चा वळवला. हा विषय मी पुढे कितीदा काढला, पण त्या माणसानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला, सलीमभाऊ गेल्यानंतरचा पहिलाच. मी नको म्हणत होते, पण प्रमोद माजरीहून आला, शेफाली दोन बस बदलून आली. क्लॅरिनेट लावला. संपला. आता नावं ठेवायची वेळ. कुणीच बोलेना. मग प्रमोद, सलीमभाऊंचा पक्का चेला, धुमालपुढे नाचून चपला झिजवणारा पोरगा, खाली बघत म्हणाला, "खरंच बाई, क्लॅरिनेटची बातच अलग आहे." शेफालीनं मान हलवली. बाकीचेही हो म्हणाले. मला केवढा राग आला! वीस वर्षं ज्यासाठी घसा फोडला ते मिळालं होतं, आणि ते मला नको होतं. मला समोर तो फुगलेल्या गालांचा माणूस हवा होता. केक तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी भाभींकडे गेले. नवऱ्यामागे पाळायची इद्दत चालू असल्यानं त्या घराबाहेर पडत नाहीत. दुकानामागच्या खोलीत बसलो. अर्धी भरलेली एक गादी अजून तशीच पडली आहे, बोललं तरी कापूस उडतो. मी झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "भाभी, आता माझ्याशी भांडनारं कोनी राह्यलं नाई." त्या ओढणीला चिकटलेला कापूस वेचू लागल्या. या बाईंना ना धुमालचं काही पडलं होतं, ना क्लॅरिनेटचं. वीस वर्षं त्यांनी आम्हाला फक्त चहा पाजला.

"एक सांगू का बाई," त्या म्हणाल्या, "तो तुमचा क्लॅरिनेट... सर्दी झालेली शेळी वरडल्यावानी वाटते मले."

मी ताडकन सरळ बसले. "भाभी, तुमाले त्यातलं काडीचं कळत नाई!"

त्यांचे डोळे वाहत होते, पण हनुवटी वर होती.

"नाई कळत," त्या म्हणाल्या. "समजावा."