पाहुण्यांपुढचा जाळ

शमशुद्दीन मुजावर आपल्या बॉयलरला कुणाला नावं ठेवू देत नसे. पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्यात तो हेड मिस्त्री होता. त्याच्या वाफेवर कारखान्याचं वीजघर चाले, गाळप चाले. वाफ पडली, म्हणजे तिचा दाब उतरला, की फाटकाबाहेर उसाच्या गाड्या तुंबत आणि गाडीवान त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

बॉयलर जुना होता. रस काढून उरलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, हेच त्याचं जळण. बगॅस ओला आला की आग धुमसायची. मग भट्टीचं दार उघडून लोखंडी दांड्यानं ती उकरावी लागे. उकरताना कधी जाळ उलटा अंगावर येई. हे काम नेसरीच्या ज्ञानूकडे होतं. वयानं तो बराच लहान, शमशुद्दीनला मामू म्हणायचा.

१९७४ च्या हंगामात तेलाचे भाव भडकले आणि जळण वाचवायचं वारं सुटलं. चीफ इंजिनिअर इंगवले साहेबांनी शमशुद्दीनला बोलावलं.

"पुण्याहून दोघं येणार आहेत, मिस्त्री. जळणातली उष्णता वाफेत किती उतरते आणि धुराड्यातून किती वाया जाते, ते मोजणार. आकडा कमी आला की संचालक एअर हीटर मंजूर करतील. धुराच्या उष्णतेनं भट्टीत जाणारी हवा तापली, की ओला बगॅसही नीट पेटेल. ज्ञानूची उकराउकरी संपेल."

"व्हय साहेब," शमशुद्दीन म्हणाला. त्याला सगळं समजलं होतं.

पण पाहुणा आला की फुटका कप फळीवर मागं सारायचा, ही त्याच्या घरची रीत. बॉयलरघरातही त्यानं तेच केलं. चाचणीच्या दिवशी बगॅस गाड्यांतून तोलून येत होता. पाहुण्यांनी पहिल्या गाडीतला नमुना ओलावा तपासायला घेतला आणि ते धुराड्याकडं धूर तपासायच्या काचेच्या नळ्या लावायला गेले. त्यांची पाठ वळताच पुढच्या गाड्या शमशुद्दीननं शेडमागच्या गंजीतून भरायला लावल्या. तो गेल्या हंगामातला, वाळून खडखडीत झालेला बगॅस होता. कागदावर जळण ओलं, म्हणजे कमी उष्णतेचं, भट्टीत मात्र कोरडं. आग दणक्यात पेटली.

आकडा सदुसष्ट टक्के आला. पाहुण्यांनी शमशुद्दीनचा हात हातात घेतला. ज्ञानूनं दंड थोपटले. "मामू, आपलं म्हातारं अजून कुस्ती मारतंय की!"

शमशुद्दीन हसला. पंधरवड्यानं संचालकांच्या बैठकीत हीटरवर काट मारली गेली. एवढ्या चांगल्या बॉयलरला हीटर कशाला? त्या दिवशी तो हसला नाही. जेवणाचा डबा तसाच घरी नेला. आता सांगावं तर पाहुण्यांपुढं खोटं वागलो असं होणार. म्हणून तो गप्प राहिला.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. बगॅस पाणी निथळत येऊ लागला. एका दुपारी ज्ञानूनं दार उघडून दांडा घातला आणि जाळ भसकन बाहेर आला. डावा गाल, कान आणि हात भाजला. डोळे वाचले. जीपमध्ये शमशुद्दीननं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. ज्ञानू कण्हत म्हणाला, "मामू, वाफ पडली न्हाय न्हवं?"

दुसऱ्या सकाळी शमशुद्दीन इंगवले साहेबांपुढं उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. साहेबांनी खणातून चाचणीचा कागद काढला.

"त्या आकड्यावर माझीही पाठ थोपटली गेली, मिस्त्री. मलाच शंका यायला हवी होती."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी साहेब स्वतः गाड्यांपाशी उभे होते, दांडा शमशुद्दीनच्या हातात होता. आग धुमसली, वाफ दोनदा पडली. आकडा छप्पन्न आला. बॉयलरघराचं नाव घालवलं म्हणून तिथल्या पोरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, पण हीटर मंजूर झाला.

ती बातमी घेऊन तो ज्ञानूच्या खोलीवर गेला. ज्ञानूची बायको शालूबाई त्याच्या हाताला मलम लावत होती. शमशुद्दीननं हीटरचं सांगितलं, मग कोरड्या बगॅसचंही.

"ते ठावं हाय मला," ज्ञानू म्हणाला. "जाळाच्या रंगावरनंच वळखलं हुतं त्या दिशी. नाव आपलंच हुतंय म्हटलं, बसलो गप."

शमशुद्दीनला हायसं वाटलं. ते तोंडावर दिसलं असावं, कारण ज्ञानूनं मान त्याच्याकडं वळवली.

"पर आकडा कमी आला तर हीटर मिळणार, हे मला कुणी सांगिटलं न्हवतं. तुम्हास्नी ठावं हुतं काय?"

शालूबाईचा हात थांबला.

"व्हय," शमशुद्दीन म्हणाला.

ज्ञानूनं तोंड भिंतीकडं केलं. शालूबाई उरलेलं मलम लावू लागली. जा असं त्याला कुणी म्हणालं नाही, बसा असंही नाही.